पिंजऱ्याबाहेरचा तासभर: नागपूरच्या घरात पाळीव उंदीर सुरक्षित कसे खेळवावेत

उंदीर दिसला की हात झाडूकडे जातो, अशी आपली घरं. म्हणून पाळीव उंदीर पिंजऱ्याबाहेर काढायचे तर तयारीची सुरुवात माणसांपासून करा. घरात आजी असतील, धुणीभांडी करायला मावशी येत असतील, सुट्टीत भाचेमंडळी आली असतील, त्या सगळ्यांना उंदीर एकदा नीट दाखवा. आणि एवढंच सांगा: हा कुठं दिसला तर ओरडायचं नाही, मारायचं नाही, खोलीचं दार लावून घ्यायचं आणि मला हाक मारायची. आजी 'गणपतीचं वाहन' म्हणून पटकन तयार होतात. मावशींना वेळ लागतो, कारण त्यांच्या रागामागं कुरतडलेल्या साड्यांचा इतिहास असतो. पण दोघींनाही माहीत असल्याशिवाय पिंजऱ्याचं दार उघडू नका.

बाहेर काढायचंच काहून, असं कोणी विचारेल. पाळीव उंदीर दोन-तीन वर्षं जगतो. तेवढं सगळं आयुष्य पिंजऱ्यात गेलं तर तो लठ्ठ होतो, सुस्त होतो, एकमेकांशी भांडायला लागतो. रोज निदान तासभर त्याला हुंदडायला, चढायला, उकरायला मिळायला हवं. मात्र काही हौशी लोक अख्खं घर मोकळं सोडून देतात, ते मला पटत नाही. उंदराला ओळखीची, वासानं आपलीशी केलेली लहान जागा आवडते. अनोळखी मोठ्या हॉलमध्ये तो खेळत नाही, भिंतीच्या कडेनं लपायची जागा शोधत पळत राहतो. एक खोली, तीही लहान, आणि त्या खोलीत जमिनीवर बसलेले तुम्ही. पुढचं सगळं याच हिशेबानं लिहिलं आहे.

दार उघडण्याआधी: हात आणि वाटी

नवा उंदीर घरी आला की पहिले काही दिवस त्याला पिंजऱ्यातच राहू द्या. हात आत ठेवा, हलवू नका. बोटांतून मटारचा दाणा, मुरमुरा, उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा द्या. तो हातावरून चालायला लागला, बाहीत शिरायला लागला की समजायचं, आता जमेल. जो उंदीर पिंजऱ्यात तुमच्या हाताला बिचकतो, तो बाहेर गेल्यावर तुमच्या हाती लागणार नाही.

याच दिवसांत एक आवाज शिकवा. स्टीलच्या वाटीवर चमच्याची टकटक चांगली, कारण ती खोलीत कुठूनही ऐकू जाते आणि घरातलं कोणीही करू शकतं. टकटक केली की लगेच खाऊ, दरवेळी, न चुकता. रागावताना किंवा औषध पाजायला पकडताना ती वाटी कधीही वाजवू नका. एकदा फसवलं की उंदीर लक्षात ठेवतो.

नर आणि मादी एकाच वेळी बाहेर सोडायचे नाहीत. भाऊ-बहीण असले तरी नाही, 'पाचच मिनिटं' म्हणूनही नाही. पाच-सहा आठवड्यांची पिल्लंही वयात आलेली असतात, मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, आणि २१ ते २३ दिवसांत आठ-दहा पिल्लं तुमच्यापुढं असतात. नरांची पाळी वेगळी, माद्यांची वेगळी. आणि उंदीर एकटा पाळू नये, एकाच लिंगाचे निदान दोन हवेत. हे खेळायच्या वेळीही दिसतं: जोडीदार सोबत असला की घाबरट उंदीरसुद्धा पाऊल पुढं टाकतो.

खोली कोणती?

स्वयंपाकघर नको. गॅस, तेल, फ्रिजच्या मागची गरम जागा, ओट्याखालचं सिंकचं पाइप, काहीच सोयीचं नाही. बाहेरदेशी बरेच जण बाथरूममध्ये खेळवतात, कारण तिथं लपायला जागा नसते. आपल्या बाथरूममध्ये मात्र मोरीची जाळी असते, भरलेली बादली असते, कोपऱ्यात फिनाइल आणि अ‍ॅसिडची बाटली असते. उंदीर पोहतो, पण गुळगुळीत प्लास्टिकच्या बादलीतून त्याला वर येता येत नाही. त्यामुळे सगळ्यात कमी सामानाची झोपायची खोली घ्या.

आता त्या खोलीत पालथे पडा. खरंच पडा, उभ्यानं काही दिसत नाही. तुमचा अंगठा जाईल अशा फटीतून उंदीर जाऊ शकतो, पिल्लाला तर करंगळीएवढी पुरते. डोकं गेलं की बाकीचं अंग जातंच. दाराखालची फट, एसीच्या पाइपचं भोक, लोखंडी कपाटामागची जागा, भिंतीतलं जुनं स्विचबोर्डाचं उघडं खोकं, हे सगळं बघा. महालातल्या, इतवारीतल्या जुन्या घरात लाकडी कड्या आणि पोकळ जमिनी असतात, तिथं तर बोट घालून घालून तपासा. दाराखाली टॉवेल गुंडाळून ठेवणं कुचकामी आहे, उंदीर तो पाच मिनिटांत ओढून काढतो. लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकून घ्या.

बेड असेल तर मग बघायलाच नको. सामान ठेवायचे खण असलेला दिवाण बाहेरून बंद दिसतो, पण मागच्या बाजूनं फळी आणि चौकट यांत फट असते. उंदीर आत, आणि वरून तुम्ही बसलात किंवा झाकण आपटलं, की संपलं. सोफ्याच्या पोटाला लावलेलं काळं कापड ते फाडून आत घर करतात. रिक्लायनर आणि घडीचा पलंग खोलीत नकोच. बंगई असेल तर ती खेळ संपेपर्यंत कडीला वर अडकवून ठेवा. झुलत्या पाटाचा मार माणसालाही जोराचा लागतो, इथं तर अडीचशे-पाचशे ग्रॅमचा जीव आहे.

वायरी सगळ्या वर उचला. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, वर्षाकाठी दहा सेंटीमीटरच्या वर, म्हणून तो कुरतडतो. तो त्याचा वात्रटपणा नव्हे. चार्जरची मऊ वायर त्याला विशेष आवडते. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या केसिंग-पट्टीत वायर घातली तर थोडा वेळ मिळतो, एवढंच. खात्रीचा उपाय म्हणजे खेळाच्या वेळी त्या खोलीतले प्लग काढून ठेवणं. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी ज्या खोलीत आहे ती खोली निवडूच नका.

खोली इतकी आवरणं जमत नसेल तर कुंपण करा. सीताबर्डीवर बोर्ड-बॅनर करणाऱ्यांकडे सनबोर्डचे मोठे तक्ते मिळतात. तीन फूट उंचीचे चार-सहा तक्ते कापडी टेपनं जोडले की घडी होणारं कुंपण तयार. उंची तीनच्या खाली नको, कारण तरुण उंदीर दोन-अडीच फूट सहज उडी मारतो. गुळगुळीत बाजू आत ठेवा आणि कुंपणाजवळ डबा, उशी, तुमचा गुडघा असलं काही ठेवू नका. ती सगळी त्याची शिडी होते.

कूलर

नागपुरात होळी झाली की कूलर पुसून बाहेर निघतात, आणि पाळीव उंदराच्या दृष्टीनं घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू तीच. ओल, वीज, फिरता पंखा आणि पाण्याची टाकी एकाच खोक्यात.

खिडकीतला कूलर असेल तर आधी चौकट बघा. कूलर आणि खिडकी यांमधली जागा आपण पुठ्ठा, थर्माकोल, जुनं पोतं असं काहीतरी कोंबून बंद करतो. उंदराला ते बंद दार वाटतच नाही. तिथं प्लायवूड किंवा पत्रा लावून घ्या. समोरच्या पट्ट्यांतून लहान उंदीर सरळ पंख्यापर्यंत जाऊ शकतो, म्हणून आतून बारीक लोखंडी जाळी बसवा. प्लास्टिकची मच्छरजाळी कुरतडून होते. खोलीत उभा असलेला कूलर असेल तर पाणी ओतायची जागा झाका. खशीच्या किंवा लाकडी भुश्शाच्या ताट्या ओढून घरटं करायला उंदरांना फार आवडतं. डास होऊ नयेत म्हणून कोणी टाकीत रॉकेल किंवा औषध टाकलं असेल, तर ते पाणी उंदराच्या तोंडी जाऊ देऊ नका.

पंपाची वायर ओली असते, आणि कुरतडलेली ओली वायर म्हणजे कूलरच्या अख्ख्या पत्र्यात करंट. म्हणून क्रम असा ठेवा: खेळाच्या अर्धा-पाऊण तास आधी कूलर चालवून खोली गार करा, मग बंद करून प्लग काढा, मग उंदीर बाहेर. टेबलफॅनही तसाच बंद, त्याच्या जाळीत शेपूट जाते.

उन्हाळा

उंदराला घाम येत नाही. अंगातली जास्तीची उष्णता तो मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो, आणि भोवतालची हवाच तापलेली असेल तर शेपटीचाही उपयोग होत नाही. १८ ते २६ अंशांत तो मजेत असतो, ३० च्या वर त्रास सुरू होतो. आणि मे २०१३ मध्ये आपल्याकडे ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. म्हणजे एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत, नवतप्यात तर विशेष, दुपारच्या खेळाचा प्रश्नच येत नाही.

संध्याकाळी सात वाजता बाहेर बरं वाटतं म्हणून फसू नका. वरच्या मजल्यावरचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. जमिनीला तळहात लावून बघा, गरम लागली तर खेळ नको. पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ सगळ्यात चांगली, आणि उंदीर मुळात रात्रीचा, पहाटेचा प्राणी असल्यानं त्यालाही तीच आवडते. उथळ ताटात बोटभर पाणी घालून त्यात फ्रिजमधले मटार सोडा, ते पंजांनी मटार काढत बसतात. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली की गरम झालेला उंदीर आपणहून तिला टेकतो.

तरी एखादा उंदीर आडवा पडला, तोंड उघडून श्वास घेऊ लागला, लाळ गाळू लागला, तर ती उष्माघाताची लक्षणं आहेत. शेपूट, पावलं आणि कान साध्या गार पाण्यानं ओले करा. बर्फाचं पाणी ओतू नका. पाणी जबरदस्तीनं तोंडात घालू नका. ओलं करता करताच डॉक्टरकडे निघा.

संत्री, आणि खाण्यापिण्याचं बाकी

हे नागपूरकराला सांगताना जरा जिवावर येतं, पण नर उंदराला संत्रं देऊ नका. संत्र्याच्या सालीतल्या तेलात डी-लिमोनिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. नर उंदराच्या शरीरात एक खास प्रथिन तयार होतं, त्याला हे द्रव्य चिकटतं आणि दोन्ही मिळून मूत्रपिंडात साचतात. त्यातून मूत्रपिंडाला इजा होते, प्रयोगशाळेतल्या नर उंदरांत गाठीही झालेल्या आढळल्या आहेत. मादीत ते प्रथिन तसं नसतं, माणसातही नसतं, म्हणून आपण डझनानं खाल्ली तरी चालतं. फोडीच्या गरात हे द्रव्य कमी असतं, तरी खेळाच्या खोलीत संत्री सोलायची नाहीत हा नियम सोपा आणि पुरेसा आहे. हिवाळ्यात पलंगाखाली एखादी साल घरंगळलेली असतेच, ती आधी शोधा. संत्र्याच्या वासाचं फरशी पुसायचं लिक्विडही त्या खोलीत नको.

उंदराला उलटी करता येत नाही, ढेकरही देता येत नाही. त्यामुळे सोडा आणि कोल्ड्रिंक बंद, आणि घशात चिकटणारं काहीही, म्हणजे शेंगदाण्याचं लोणी, खव्याची बर्फी, शिरा, हे बोटभरसुद्धा नको. कच्चा राजमा, हिरवट बटाटा नको. तर्रीचे हात न धुता त्याला उचलू नका.

विषं आणि सापळे

उलटी होत नाही म्हणूनच उंदीर मारायची औषधं एवढी काम करतात. घरात पाळीव उंदीर आणि मारायचं औषध ही दोन्ही एकत्र ठेवायची नाहीत, अगदी कुलपातही नाहीत. बाजारातल्या बऱ्याच वड्यांमध्ये ब्रोमाडायोलोन असतं. त्यानं रक्त गोठायचं थांबतं, पण लक्षणं दिसायला दोन-चार दिवस जातात. तोपर्यंत उंदीर हसत-खेळत दिसतो आणि आपल्याला वाटतं काही झालं नाही. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी पाकीट घेऊन लगेच डॉक्टर गाठा. त्यावर व्हिटॅमिन के-१ चा उपचार आहे आणि तो जितका लवकर तितका बरा.

सोसायटीत पेस्ट कंट्रोल कधी होणार ते आधी विचारून ठेवा. झुरळं मारायचा खडू, डांबराच्या गोळ्या, मच्छर अगरबत्ती, खोलीत मारलेला स्प्रे, धुपाचा धूर, यांतलं काही त्या खोलीत नको. पाळीव उंदरांची फुप्फुसं मुळातच नाजूक असतात, बहुतेकांच्या अंगात श्वसनाचा एक जंतू जन्मापासून वस्तीला असतो आणि धूर लागला की तो डोकं वर काढतो. चिकट पट्टीत उंदीर सापडलाच तर ओढून काढू नका, कातडी निघते. गोडं तेल थेंबथेंब सोडून हळूहळू सोडवा.

पावसाळ्यात नाल्याकाठच्या वस्त्यांत, आणि तसं पाहिलं तर कुठंही, बाहेरचे उंदीर आणि घुशी घरात शिरतात. त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तुमच्या उंदरांना आणि तुम्हालाही. खोलीत अनोळखी लेंड्या दिसल्या तर ती खोली बंद, आत येण्याची वाट बुजवेपर्यंत आणि फरशी ब्लीचनं धुऊन वाळवेपर्यंत. याच कारणानं अंगणात, गच्चीत, बगिच्यात त्यांना नेऊ नये. वर घारी आहेत, खाली मांजरी आहेत, आणि शहराच्या कडेला नव्या लेआउटमध्ये धामणही आहे.

प्रत्यक्ष खेळ

दाराला आतून कडी घाला आणि बाहेर चिठ्ठी लावा. पाळीव उंदीर दारात चिरडून किंवा पायाखाली येऊन जायबंदी होतात, आणि त्यात बहुतेक वेळा घरचाच माणूस असतो. म्हणून खोलीत असेपर्यंत जमिनीवर बसा. उठावं लागलं तर पाय उचलू नका, घासत न्या. लहान पोट्ट्यांनी मांडी घालून बसायचं, उंदीर मांडीवर येईल, त्याच्या मागं धावायचं नाही. कुत्रा-मांजर कितीही गुणी असलं तरी खोलीबाहेर.

टाइल्सवर पाय घसरतात, तेव्हा सतरंजी किंवा जुनी चादर अंथरा. दोऱ्याचे फासे निघालेला टॉवेल नको, त्यात नखं अडकतात. पुठ्ठ्याची खोकी, प्लंबरकडचा उरलेला चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, कोकोपीट भरलेला टब, एवढ्यात त्यांचं छान भागतं. दुकानातली महागडी खेळणी बहुतेक माणसाच्या डोळ्यांसाठी असतात. पिंजरा दार उघडं ठेवून आतच असू द्या, म्हणजे भीती वाटली की परत जाता येतं. पाण्याची बाटलीही त्यातच मिळते.

पहिला खेळ पंधरा-वीस मिनिटांचा. मग हळूहळू तासभर. जागेवर थिजणं, सारख्या लेंड्या टाकणं ही भीतीची खूण. डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लाल डाग दिसला तर ते बहुधा रक्त नसतं, ताण किंवा आजारात येणारा तो लाल स्राव असतो. रोज दिसू लागला तर डॉक्टरला दाखवा. उलट, दात कटकट घासत त्याचे डोळे आतबाहेर लपलपायला लागले तर घाबरू नका. तो भलताच खूश आहे. चालताना थेंबथेंब लघवी टाकणं हीदेखील त्याची सवय आहे, म्हणून जुने कपडे घाला.

दिवाळीच्या रात्री, गणपतीच्या मिरवणुकीत, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते त्या सकाळी मध्य नागपुरात राहणाऱ्यांनी खेळाला सुट्टी द्यावी. आपल्याला ऐकू न येणारे आवाजही उंदराला ऐकू येतात. ढोल, डीजे आणि फटाक्यांनी तो जिवाच्या आकांतानं पळतो.

परत नेणं, आणि हरवला तर

खेळ संपला की वाटी वाजवा आणि खाऊ पिंजऱ्यातच द्या. जेवणाच्या थोडं आधी खेळवलं तर हे काम आपोआप होतं. शेपटीला धरून उचलायचं नाही, शेपटीची साल मोज्यासारखी निघून येऊ शकते. दोन्ही हातांनी छातीखालून आणि पार्श्वभागाखालून आधार द्या. मग मोजा. सगळे आत आहेत हे डोळ्यांनी बघितल्यावरच खोलीचं दार उघडा.

एक कमी भरला तर आधी हलू नका. सगळ्यांना थांबवा, दारं लावा, सोफ्यावर कोणी बसू नये, वॉशिंग मशीन, कूलर, दिवाण कोणी चालवू-उघडू नये. मग वाटी वाजवून ऐका. आला नाही तर पिंजरा जमिनीवर ठेवा, दार उघडं, आत त्याचं वासाचं फडकं आणि खाऊ. जोडीदाराला शेजारी वेगळ्या छोट्या पिंजऱ्यात ठेवलं तर आणखी बरं. दाराच्या उंबऱ्यावर, कपाटाच्या कडेला कणकेची पातळ रेघ ओढा. दिवे मालवून शांत बसा. सकाळी पावलांचे ठसे कुठून कुठं गेले ते कळतं. बहुतेक उंदीर रात्री परत येतात. सापडल्यावर त्याचं अंग, पंजे, दात तपासा, आणि काहीही खाल्ल्याचा संशय असेल तर थांबू नका.

शॉक लागला असेल तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. उंचावरून पडला आणि लंगडतोय, तर लहान डब्यात फडकं घालून ठेवा. घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका.

डॉक्टर मात्र आजच शोधून ठेवा. नुसतं 'लहान प्राणी बघता का' विचारलं तर कुत्रा-मांजर धरून हो म्हणतात, म्हणून 'उंदीर, हॅमस्टर, ससे बघता का' असं स्पष्ट विचारा. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या चिकित्सालयातही आधी फोन करून वेळ आणि सोय विचारून घ्या. नंबर पिंजऱ्यावर चिकटवा. न्यायचं झालं तर भोकं पाडलेला टणक प्लास्टिकचा डबा, तळाशी फडकं, पाण्यासाठी काकडीचा तुकडा, आणि उन्हाळ्यात डब्याबाहेर फडक्यात गुंडाळलेली गार बाटली. ऑटोत डबा मांडीवर, सावलीच्या बाजूला.